उतरती कळा लागलेलं, जुन्या चालीरीतींत अडकलेलं काल्पनिक शहर: ते खरं कसं वाटेल?

रानजाई:

नमस्कार मंडळी. एका अद्भुत कादंबरीवर काम चालू आहे आणि एका जागी गाडी अडली आहे, म्हणून हा धागा.

कथा घडते पवनबंदर नावाच्या शहरात. शहराचा धंदा वाऱ्याचा. इथले गाठकर सातपेडी दोरात वारा बांधतात. खलाशी तो दोर विकत घेतात आणि भर समुद्रात वारा पडला की एकेक गाठ सोडतात. पहिलीत झुळूक, दुसरीत शिडं भरतील एवढा वारा, आणि तिसरी शक्यतो कुणी सोडायची नाही, कारण तिच्यात वादळ. (मूळ कल्पना माझी नाही. वारा गाठीत बांधून खलाशांना विकणाऱ्यांच्या लोककथा उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर पुष्कळ आहेत. मी त्यावर शहर उभं केलं.)

तीनशे वर्षांपूर्वी पवनबंदरच्या दोराशिवाय एकही गलबत बंदर सोडत नसे. आज निम्मे धक्के रिकामे आहेत. दूरच्या बंदरांत तीनपेडी दोर निघाला आहे. त्यातला वारा अर्धा दिवसच टिकतो, पण दोर स्वस्त आहे आणि वळायला शिकायला एक महिनाही लागत नाही. पवनबंदरात मात्र गाठसभेचे नियम जसेच्या तसे: सातच पेड, फक्त चाळीस घराण्यांतले गाठकर, हाताखाली शिकण्याची बारा वर्षांची उमेदवारी, प्रत्येक दोरावर दोरपारख्याची लाखेची मोहर.

आता अडचण. पहिला खर्डा ज्यांनी वाचला त्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: शहर बुडतंय हे डोळ्यांना दिसत असताना ही माणसं नियम का बदलत नाहीत? मूर्ख आहेत का? माझे गाठसभेचे म्हातारे हट्टी, कर्मठ आणि थोडे दुष्ट झाले आहेत. नायिका तरुण आणि शहाणी, बाकी सगळे मठ्ठ. मलाच ते वाचवत नाही. अख्खं शहर अडकून पडतं ते कशामुळे, यावर बोला.


पाटीपेन्सिल:

तिसऱ्या गाठीचं काय होणार हे वाचायला मी आत्ताच रांगेत उभी आहे. वाचतेय.


उत्तरवारा:

कल्पना फार आवडली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात जवळजवळ तयार आहे, व्हेनिसमध्ये.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिस युरोपातल्या उत्तम लोकरी कापडाचं मोठं केंद्र होतं. १६०२ च्या सुमारास वर्षाला २८ हजारांवर तागे तिथे तयार होत. शंभर वर्षांनी हा आकडा दोन-तीन हजारांवर आला. मधल्या काळात इंग्लंड आणि हॉलंडचे व्यापारी हलकं, रंगीत आणि स्वस्त कापड घेऊन पूर्व भूमध्यसागराच्या बाजारात उतरले. व्हेनिसच्या विणकर संघाचे नियम मात्र किती लोकर, कसला रंग, कसली वीण, यावर ठाम होते. उत्तरेचे लोक तर आपल्या कापडाला व्हेनिसची नक्कल केलेली मोहर लावून विकत.

मुद्दा असा की ते नियम करणारे मूर्ख नव्हते. दूर कुठल्या तरी बाजारात बसलेल्या गिऱ्हाईकाने न बघता माल घ्यावा, तर त्या मोहरेवर विश्वास हवा, आणि विश्वास हवा तर दर्जा एक हवा. कित्येक वर्षं याच नियमांनी शहराला पैसा मिळवून दिला. ज्या नियमाने बापाला श्रीमंत केलं तो मुलगा कसा मोडेल? आणि विक्री घटली की त्याला पहिली शंका काय येते? आपण नियम नीट पाळत नाही आहोत, ही. मग नियम आणखी कडक होतात.

तुमच्या सातपेडी नियमाचा जन्म दाखवा. एखाद्या काळी कुणीतरी पाचपेडी दोर विकला असेल, भर समुद्रात तिन्ही गाठी एकदम सुटल्या असतील आणि पाच गलबतं बुडाली असतील. तेव्हापासून सात पेड. तो अपघात शहरातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ आहे. मग सात पेडांसाठी भांडणारा म्हातारा दुष्ट वाटणार नाही. तो बुडालेल्यांच्या बाजूने बोलतोय असं वाटेल.


अवलिया:

मी जरा वेगळं बोलतो. एवढ्या खटाटोपाची गरज काय? अद्भुतकथा आहे, जादूच आटत चालली आहे असं दाखवा. पूर्वी वारे गाठीत यायचे, आता येत नाहीत. शहर आपोआप बुडेल, कुणाला मूर्ख ठरवायला नको. बेल्जियममधल्या ब्रूजचं तसंच झालं ना? समुद्राकडे जाणारी झ्विन खाडी गाळाने भरली आणि बंदर मेलं.


कंदील:

अवलिया, जादू आटली तर कुणाचाच दोष राहत नाही, आणि दोष नसेल तर कादंबरीत माणसं काय करणार? नुसते उसासे टाकतील. असे खर्डे मी बरेच वाचले आहेत. पहिली पन्नास पानं सुंदर उदास वाटतात, मग कंटाळा येतो.


उत्तरवारा:

ब्रूजबद्दलही थोडं सांगतो, कारण गाळाची गोष्ट खरी असली तरी ती पुरी नाही. झ्विन गाळाने भरत होती हे बरोबर, आणि त्यासाठी ब्रूजने पुढे दाम्मे, स्लुइस अशी उपबंदरं वापरली. ती सोय बराच काळ चालली. पण त्याच वेळी फ्लँडर्स या ब्रूजच्या प्रांतातल्या विणकरांना जपण्यासाठी तिथे इंग्लिश कापडाला बंदी होती. ते कापड मग शेजारच्या ब्राबांटमध्ये, अँटवर्पला जाऊ लागलं. कापडामागे ते विकत घेणारे जर्मन गेले, त्यांच्यामागे बाकीचे. शिवाय १४८८ मध्ये ब्रूजच्या लोकांनी मॅक्सिमिलियनला, म्हणजे तेव्हा फ्लँडर्सचा कारभार बघणाऱ्या आणि पुढे सम्राट झालेल्या माणसाला, शहरातच कोंडून ठेवलं. सुटल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पला जायला फर्मावलं. गाळ होताच, पण गाळ उपसण्याइतकं महत्त्व त्या बंदराला उरलं नाही ते माणसांच्या निर्णयांमुळे.

रानजाई, दोन्ही ठेवा. वारे खरोखर थोडे रोडावलेत. त्यामुळे गाठसभेला एक सोयीचं कारण मिळतं: "आम्ही काय करणार, वाराच राहिला नाही." आणि नायिकेला कळतं की तीनपेडी दोरात तोच रोडावलेला वारा बाकीचे लोक मजेत बांधताहेत.


रानजाई:

सोयीचं कारण! हे घेते. उत्तरवारा, पाच गलबतांचा अपघातही घेते, त्याला मी आता शहराचा वार्षिक दिवस करून टाकणार आहे.

पण एक विचारते. ठीक आहे, नियमाला कारण होतं. ते कारण संपलं हे चार हुशार लोकांना तरी कळेलच ना? ते गप्प का?


शून्यप्रहर:

पहिल्यांदाच लिहितोय इथे. गप्प राहण्यावर एक उदाहरण आठवलं ते सांगतो.

१४५३ चं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, तेव्हाच्या बायझंटाईन सम्राटाची राजधानी. एकेकाळी लाखोंच्या वस्तीचं शहर, तेव्हा साधारण ५० हजारांवर आलेलं. तटाच्या आत शेतं, बागा, मधेमधे खेड्यांसारख्या वस्त्या. जमिनीकडचा तटच सुमारे ६ किलोमीटर, तोही एक हजार वर्षांपूर्वी भरल्या शहरासाठी बांधलेला. तुर्कांचा वेढा पडायच्या आधी सम्राटाने आपला विश्वासू अधिकारी स्फ्रांत्झिस याला लढू शकणाऱ्या माणसांची मोजणी करायला सांगितलं. त्याने आकडा आणला: शहरातले ४,७७३. आणि त्याने लिहून ठेवलंय की सम्राटाने तो आकडा कुणाला सांगू नकोस असं बजावलं.

तर असं गप्प राहतात लोक. कळत नाही म्हणून नव्हे. आकडा फुटला तर उद्या तटावर कुणी उभंच राहणार नाही, म्हणून.

याच शहरातली आणखी एक गोष्ट. १३४३ मध्ये राज्याभिषेकाची रत्नं व्हेनिसकडे ३० हजार डुकाटांना (डुकाट म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं) गहाण पडली, ती पुन्हा कधी सोडवता आली नाहीत. १३४७ च्या राज्याभिषेकात सम्राटाच्या मुकुटात काचेचे खडे होते आणि मेजवानीची सोन्याचांदीची भांडी जाऊन कथलाची आणि मातीची आली होती. ग्रेगोरास नावाच्या तेव्हाच्या इतिहासकाराने हे नोंदवलंय. समारंभ मात्र पूर्ण विधीने झाला. त्याच सुमाराची त्याची दुसरी नोंद: खाडीपलीकडे इटलीतल्या जिनोआ शहराच्या लोकांची गलाता नावाची वसाहत होती, तिची जकात वर्षाला दोन लाख, आणि राजधानीची स्वतःची जेमतेम तीस हजार. खाडी एवढीशी. रोज सकाळी सम्राटाला महालातून पलीकडची गर्दी दिसत असणार.

मला वाटतं तुमच्या पवनबंदरला अशी एक गलाता हवी. तीनपेडी दोर दूरच्या बंदरात नको. तो खाडीच्या पलीकडेच वळला जाऊ दे, तोही पवनबंदरनेच कधीतरी घाईगर्दीत दिलेल्या सवलतीच्या जोरावर. १२८५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलने खर्च वाचवायला स्वतःचं आरमार मोडीत काढलं आणि समुद्रावरची भिस्त जिनोआवर टाकली, तसं.


पाटीपेन्सिल:

बापरे, काचेचे खडे.

शून्यप्रहर, स्वागत. लिहीत राहा.


कंदील:

शून्यप्रहर यांच्या प्रतिसादात लिहिण्याच्या दृष्टीने सोनं आहे. रानजाई, तुमच्या खर्ड्यात पडके वाडे, शेवाळलेल्या पायऱ्या, रिकामे धक्के आहेत असं दिसतंय. हे सगळं वाचकाने इतक्यांदा वाचलंय की त्याची नजर त्यावरून घसरते. मुकुटातल्या काचेवरून घसरत नाही, कारण तिथे कुणीतरी ती काच मुद्दाम बसवली आहे. कुणीतरी सोनाराला बोलावलं, माप दिलं, गप्प राहायला सांगितलं, आणि समारंभात सगळ्यांनी तिकडे बघून मान तुकवली. पडलेली भिंत नुसती पडलेली असते. काचेमागे पन्नास माणसांचा करार आहे.

असा एक करार पवनबंदरात शोधा आणि तेवढाच अगदी जवळून दाखवा.


उत्तरवारा:

कंदील यांना अनुमोदन, आणि भर घालतो की उतरतं शहर ओसाड दिसेलच असं नाही. व्हेनिसमध्ये १६३०-३१ च्या प्लेगने जवळपास एक तृतीयांश माणसं नेली, पण १७९७ मध्ये प्रजासत्ताक संपलं तेव्हा शहरात पुन्हा एक लाख तीस हजारांच्या वर वस्ती होती. नाटकगृहं भरलेली, कार्निव्हल महिनोन्महिने चाललेला, अख्ख्या युरोपातून श्रीमंतांची पोरं मजा करायला आलेली. दरवर्षी डोज, म्हणजे तिथला प्रमुख, सोन्याने मढवलेल्या नौकेतून बाहेर जाई आणि समुद्रात अंगठी टाकून त्याच्याशी लग्न लावी. यातली शेवटची आणि सगळ्यांत थाटाची नौका १७२९ ची आहे. तोवर एड्रियाटिकवर व्हेनिसची हुकमत नावापुरती राहिली होती. सत्ता आटली तसा थाट वाढला. १७९८ मध्ये फ्रेंचांनी ती नौका सोन्यासाठी जाळली.


अवलिया:

उत्तरवारा, या व्हेनिसची निवडणूक भयंकर गुंतागुंतीची होती ना? ती इथे कामाची आहे का?


उत्तरवारा:

अगदी कामाची आहे. १२६८ मध्ये ठरलेली पद्धत १७९७ पर्यंत चालली. कुलीनांच्या महासभेतून चिठ्ठ्यांनी ३० जण निवडायचे, त्यांतून चिठ्ठ्यांनी ९ ठेवायचे. त्या ९ जणांनी ४० निवडायचे, त्यांतून चिठ्ठ्यांनी १२. त्या १२ जणांनी २५, त्यांतून ९. त्या ९ जणांनी ४५, त्यांतून ११. त्या ११ जणांनी ४१ निवडायचे, आणि हे ४१ जण डोज निवडणार. चिठ्ठीच्या गोट्या काढायला चौकात दिसेल त्या एका लहान मुलाला धरून आणायचे.

हसू येतं, पण कारण बघा. एखाद्या घराण्याने मतं विकत घेऊन हुकूमशहा होऊ नये म्हणून हा चक्रव्यूह. आणि तो चालला! इटलीतली बाकीची बहुतेक प्रजासत्ताकं एकेक करून कुणा ना कुणा घराण्याच्या खिशात गेली, व्हेनिस पाचशे वर्षं गेलं नाही. आता सांगा, असं यंत्र मोडायला कुणाचा हात धजेल? पण ज्या यंत्राने कुणालाही डोक्यावर बसू दिलं नाही, त्याने कुणालाही काही मोठं करूही दिलं नाही.


रानजाई:

दोन दिवस हे सगळं डोक्यात घेऊन बसले होते. कंदील यांनी सांगितलेला करार शोधायचा प्रयत्न केला. खालचा तुकडा नवा आहे, बघा.

"दोरपारख्याने दोर उजेडाकडे धरला आणि नेहमीप्रमाणे अंगठ्याच्या नखाने पेड मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथ्या पेडावर नख अडकलं. ताग नवा नव्हता. जुना दोर उसवून, धुऊन, पुन्हा पिळून घातला होता. त्यात मिठाचा खरखरीतपणा तसाच होता. सहावा पेडही तसाच. त्याने वर पाहिलं. समोर बसलेल्या गाठकराने नजर चुकवली नाही. त्याच्या मागे भिंतीशी उभ्या असलेल्या दोन्ही उमेदवारांनी मात्र एकदम पायांकडे पाहिलं. 'सात,' दोरपारखी म्हणाला. कारकुनाने वहीत सात लिहिलं. लाख वितळायला ठेवलीच होती."


पाटीपेन्सिल:

अंगावर काटा आला. पायांकडे पाहणारे उमेदवार फार आवडले.


कंदील:

हे खरं शहर. या पानावर एकही पडकी भिंत नाही तरी सगळं कळतं. दोन गोष्टी सुचवते.

एक, दोरपारखी मोहर का उठवतो ते नंतर तरी कळू द्या, आणि कारण भीती किंवा लाच यापेक्षा घट्ट ठेवा. समजा प्रत्येक मोहरेमागे ठरावीक पैसा एका पेटीत जातो आणि त्या पेटीतून समुद्रात गेलेल्यांच्या विधवांना महिना मिळतो. मोहर थांबली तर आठ दिवसांत शंभर चुली थांबतील, आणि हे त्याला नावानिशी माहीत आहे. आता त्याने काय करावं? सात पेडांचा नियम मोडायचा म्हणजे ती पेटीही मोडायची. सुधारणा करायला निघालेल्या तुमच्या नायिकेला पहिला विरोध गाठसभेकडून व्हायला नको, या विधवांकडून व्हावा.

दुसरी गोष्ट, आत जुना ताग असलेल्या दोराने समुद्रात काय होतं? सात पेडांचा नियम ज्या अपघातामुळे आला तोच अपघात आता सातपेडी मोहरेखाली होणार. हे तुम्ही पाहिलं असेलच.


रानजाई:

पाहिलं नव्हतं हो! आता तेच शेवटाचं प्रकरण होईल असं दिसतंय.

विधवांची पेटी शंभर टक्के घेते. नायिकेची आजीच त्या पेटीवर जगते असं करते.


अवलिया:

हे उत्तम चाललंय, पण एका गोष्टीला मी विरोध नोंदवून ठेवतो. या धाग्यात आपण सगळे गृहीत धरतोय की जुनी रीत म्हणजे ओझं. नेहमी तसं नसतं.

क्योटो घ्या. ओनिन युद्धात (१४६७ ते १४७७) शहराची राख झाली. जपानचा सम्राट क्योटोत होता, पण दरबाराकडे पैसा शून्य. १५०० मध्ये सम्राट वारला तेव्हा अंत्यविधीला पैसे नाहीत म्हणून देह चाळीसहून जास्त दिवस तसाच ठेवावा लागला. त्याच्या मुलाचा राज्यारोहण विधी पैशाअभावी २१ वर्षं रखडला, १५२१ मध्ये झाला. त्याच्या पुढच्याचा दहा वर्षं. हा पुढचा सम्राट स्वतःच्या हातची अक्षरं देऊन पैसे उभे करी म्हणतात.

बाहेरून बघणारा म्हणेल, कशाला हवाय तो विधी? उरकून टाका साधेपणाने. पण त्यांनी उरकला नाही, थांबले. कारण फौज नाही, जमीन नाही, पैसा नाही, अशा घराण्याकडे फक्त एक गोष्ट होती: पदव्या आणि मान देण्याचा अधिकार, आणि तो अधिकार विधी पूर्ण असण्यावर उभा. पुढे जे जे सरदार देश जिंकायला निघाले त्या प्रत्येकाला तो मान हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी क्योटोत पैसा ओतला. विधी सोडला असता तर सम्राट हा आणखी एक गरीब जमीनदार झाला असता.

तर पवनबंदरात निदान एक जुनी रीत अशी ठेवा जी सगळ्यांना निरुपयोगी वाटते, नायिकेलाही वाटते, आणि तीच शहराला तारते. सगळं जुनं मोडा आणि खाडीपलीकडच्यांसारखे व्हा, एवढाच शेवट असेल तर ते प्रचारपत्रक होईल.


शून्यप्रहर:

+१. बारा वर्षांची उमेदवारी ही ती रीत होऊ शकेल का? तीनपेडी दोर महिन्याभरात वळायला शिकता येतो, पण तिसरी गाठ बांधायला आणि मुख्य म्हणजे सुटलेली परत आवळायला बारा वर्षंच लागतात. खाडीपलीकडे तिसरी गाठ कुणालाच येत नाही, त्यांना ती कधी लागलीच नाही.


कंदील:

शून्यप्रहर, ही जागा नेमकी आहे. म्हणजे सात पेड जाऊ शकतात, चाळीस घराणी जाऊ शकतात, बारा वर्षं राहतात. आणि नायिकेने पहिल्याच प्रकरणात उमेदवारी अर्धी सोडलेली असावी. सहाव्या वर्षी.


उत्तरवारा:

घराण्यांवरून आठवलं. चाळीस घराणी हा आकडा तीनशे वर्षं चाळीसच राहिला असेल तर आज त्यांतली किती नांदती आहेत हे ठरवा. व्हेनिसने १२९७ मध्ये महासभेचं दार जवळपास बंद केलं आणि १५०६ पासून कुलीनांच्या जन्माची वही ठेवली. पुढे क्रीटच्या युद्धात पैसा कमी पडला तेव्हा १६४६ पासून एक लाख डुकाट भरणाऱ्या घराण्यांना आत घेतलं, पण एरवी दार जवळपास बंदच. दुसऱ्या टोकाला गरीब झालेले कुलीन होते, सान बार्नाबा भागात राहत म्हणून बार्नाबोत्ती म्हणत त्यांना. सरकार राहायला घर देई, थोडी मदत देई. हाताने काम करणं कुळाला शोभत नाही, व्यापाराला भांडवल नाही, विकण्यासारखं एकच उरलं: महासभेतलं मत.

१२ मे १७९७ ला नेपोलियनच्या धाकाने महासभा स्वतःच्याच विसर्जनावर मत द्यायला बसली. कायद्याने ६०० जण हजर हवेत. आले ५३७. तरीही मतदान झालं आणि ५१२ मतांनी हजार वर्षांचं प्रजासत्ताक संपलं. ज्यांनी पाचशे वर्षं चिठ्ठ्यांचा एक फेरा चुकवला नव्हता त्यांनी शेवटचा ठराव गणसंख्येविना केला.


पाटीपेन्सिल:

एक शंका. या सगळ्यात गाठकर, कुलीन, सम्राट आले. साधी माणसं कुठे आहेत? हमाल, दोर धुणाऱ्या बायका, तराफेवाले? त्यांना बदल हवाच असेल, नाही का? त्यांचं काय जातंय?


उत्तरवारा:

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर उलटं आहे. त्याच १२ मेच्या दिवशी महासभेतले कुलीन घाईने घरी पळाले, आणि चौकात साधी माणसं शहराचा रक्षक संत मार्क याच्या नावाचा जयजयकार करत उतरली. ज्यांना त्या सभेत पाचशे वर्षं पाऊल टाकता आलं नव्हतं ते तिच्यासाठी दंगल करत होते, आणि फ्रेंचांच्या बाजूच्या लोकांची घरं लुटत होते.


पाटीपेन्सिल:

हे अजिबात अपेक्षित नव्हतं. पण विचार केला तर पटतं. ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याच्याकडे "मी या शहराचा" एवढं तरी असतं. हमालाला गाठसभेत जागा नाही, पण वार्षिक दिवशी पाच गलबतांच्या नावाने निघणाऱ्या मिरवणुकीत दोर खांद्यावर घ्यायचा मान त्याचाच असेल. तो मान काढून घेणारी नायिका त्याला कशी आवडेल?

रानजाई, मिरवणुकीत मला एक हमाल द्या. नाव असलेला, घर असलेला. नुसती गर्दी नको.


रानजाई:

दिला. त्याच्या खांद्यावरच्या दोराला मोहर आहे आणि आत जुना ताग आहे, हे त्याला माहीत आहे, कारण जुना ताग वाहून आणणारा तोच.

आता थोडं जुळतंय असं वाटतंय, तर लिहून ठेवते, कुठे घसरत असेन तर अडवा. गाठसभेचे सगळे म्हातारे खलनायक होते, त्यांतला एकच ठेवलाय, आणि तो दोरपारखी. तो वाईट नाही. त्याच्याकडे दोन वह्या आहेत. एकीत सात लिहितो, दुसरीत खरे पेड लिहितो, तारखेसकट. ही दुसरी वही तो का ठेवतो हे त्याने स्वतःलाही कधी विचारलेलं नाही. स्फ्रांत्झिसच्या आकड्यावरून हे सुचलं, शून्यप्रहर. नायिका सहाव्या वर्षी उमेदवारी सोडून खाडीपलीकडे तीनपेडी दोर वळायला गेलेली. आजीचा महिना बंद होतो तेव्हा ती परत येते. वही तिच्या हाती लागते.

अडलंय ते इथे: वही तिने चौकात वाचून दाखवावी का? पहिल्या खर्ड्यात तसंच आहे, ती वाचते, लोकांचे डोळे उघडतात. आता ते मला खोटं वाटतंय.


अवलिया:

खोटंच आहे ते. लोकांचे डोळे उघडेच होते, कंदील म्हणाल्या तसा पन्नास माणसांचा करार आहे. वाचून दाखवली तर हमाल म्हणेल, हे आम्हाला माहीत आहे, तू कोण सांगणारी?


शून्यप्रहर:

आणि वही वाचली की खाडीपलीकडे बातमी जाणार, दोर उद्यापासून कुणी घेणार नाही. पेटी रिकामी. सम्राटाने आकडा दाबला तो याच भीतीने. ती भीती खरी आहे, तिला हलकं करू नका.


कंदील:

मग तिने वही चौकात नेऊ नये, धक्क्यावर न्यावी. वहीत तारखा आहेत. म्हणजे कुठला दोर कुठल्या गलबतावर गेला हे शोधता येतं. खोट्या मोहरेचे दोर घेऊन आत्ता या क्षणी किती गलबतं समुद्रात आहेत, हा प्रश्न भाषणाचा नाही, कामाचा आहे. ती दोरपारख्याला सोबत घेते, हमाल गलबतांची नावं सांगतो (त्यानेच दोर चढवलेत), आणि तिघं मिळून यादी करतात. अर्धवट शिकलेली उमेदवार, खोटं लिहिणारा पारखी आणि जुना ताग वाहणारा हमाल. करारातल्या माणसांनीच करार मोडायचा, आणि तोही कुणाला शहाणं करायला नव्हे, परत न आलेल्या गलबतांमागे कुणाला तरी पाठवायला हवं म्हणून.

आणि पाठवणार कुणाला? तिसरी गाठ आवळता येणाऱ्या कुणाला तरी. ती बारा वर्षं पूर्ण केलेली माणसं शहरात किती उरलीत, तेवढं मोजा आणि लिहा.


रानजाई:

तीन उरलीत. त्यांतली एक आजी आहे.

लिहायला बसते. मिरवणुकीचं प्रकरण झालं की इथेच टाकीन, पाटीपेन्सिल, तुमचा हमाल आधी वाचायला मिळेल.


पाटीपेन्सिल:

आजी!! लवकर टाका. पुढच्या लेखनासाठी शुभेच्छा.